मामावर भारी

माझा भाऊ दिनकर याला लाज नाही. माझ्या मुलीला मी चालू देऊ नये, असं सांगायला तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचे वरचे दोन दात तिच्या तोंडात होते. दात कसे आहेत ते त्यानं वाकून बघितलं. मुलगी कशी आहे ते विचारलं नाही.

दात त्याचेच. मी ओळखते. त्यातल्या डाव्याचा कोपरा तो बारा वर्षांचा असताना सायकलवरून पडून उडाला आणि रक्त थांबेपर्यंत माझा पदर त्याच्या तोंडात होता. मंजुळा सहा महिन्यांची झाली आणि तिला खालचे दात यायच्या आधी वरचे आले. आले ते कोपरा उडालेले, सुपारीच्या तांबड्या डागासकट. तोंडाच्या मानानं चांगले मोठे. शेजारची पारूबाई चुरमुरे न्यायला आली होती. तिनं मुलीचा ओठ बोटानं वर करून बघितला.

"गोदाक्का, वरचे आधी आले," ती म्हणाली. "मामावर भारी."

हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. वरचे दात आधी आले तर मामानं चांदीची वाटी घेऊन यायचं, भाचीला आपल्या हातानं खीर भरवायची, म्हणजे भार उतरतो. एवढंच. मी तीनदा निरोप धाडला. तो दूध संस्थेचा चेअरमन, पहिल्यांदा त्याची मीटिंग होती. दुसऱ्यांदा कुणी साहेब यायचे होते. तिसऱ्यांदा आमचे मालक स्वतः गेले, तर त्यानं त्यांनाच व्याख्यान दिलं, की दाजी, आजच्या काळात असलं काही मानू नये, हे बघा माझे दात. दाखवायला तोंड उघडलं. वरचे दोन नव्हते.

मालक घरी आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "दात गेलेत त्याचे."

"गेले न्हाईत," मी म्हटलं. "इथं हायत."

त्यानंतर मंजुळा जे जे शिकली ते ते त्याच्याकडून सुटत गेलं.

उष्टावणाला मामा लागतो. मामा आला नाही, म्हणून मालकांनी बोटानं भात चाटवला. पोरीनं मिटक्या मारल्या. त्याच दुपारी दिनकर कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत बसला होता. घास तोंडात गेला आणि पुढं काय करायचं ते त्याला आठवेना. तेव्हापासून चेअरमनसाहेब पेज पितात. नवव्या महिन्यात ती टाळ्या वाजवायला लागली, आणि याचे हात एकमेकांना चुकायला लागले. जोडायला गेला की डावा वरून निघून जातो, उजवा खालून, जशी दोन माणसं ओळख न दाखवता गल्लीतून जातात. दूध संस्थेची निवडणूक तोंडावर आणि चेअरमनला हात जोडता येईनात. लोक म्हणाले, माजला.

माजला होताच. त्यासाठी हात जायची गरज नव्हती.

अकराव्या महिन्यात मंजुळा आमच्या चुरमुऱ्याच्या भट्टीजवळचा लाकडी खांब धरून उभी राहिली आणि तिनं एक हात सोडून बघितला. मग दुसरा सोडला, घाबरली, परत धरला. स्वतःवरच हसली. पाऊल तेवढं राहिलं होतं. तेव्हा दिनकरला माझ्या घराचा रस्ता सापडला.

"आक्का," तो म्हणाला, "निवडणूक होईस्तोवर तिला खाली ठेवू नकोस."

"का?"

"ती चालली की मी चालायचा बंद."

"बस मग. बसून कारभार होत न्हाई?"

"कारभार हुतो. प्रचार हुत न्हाई."

"वाटी आणलीस?"

"गडबडीत राहिली. आणतो की."

मग तो माझ्या पाया पडला. हात चुकले म्हणून नुसती कोपरं टेकली आणि कपाळ आपटलं. मी हो म्हटलं. ही चूक माझी, दुसऱ्या कुणावर ढकलायची नाही. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्याला सांभाळायला मला दुसरीतून काढलं, पाटी शेजारच्या पोरीला दिली. लग्न झालं तेव्हा मी त्याला बरोबर घेऊन सासरी आले, या भट्टीवर चुरमुरे भाजून त्याला कॉलेजापर्यंत पोचवला. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मंजुळा माझ्या कमरेवर. एका हातानं कढईतली वाळू हलवायची, तांदूळ टाकायचे, फुलले की चाळणीवर घ्यायचे, दुसऱ्या हातानं तिला धरायचं. तिला जमीन दिसायची. ती बोटानं दाखवायची, खाली, खाली, आणि टाचा माझ्या मांडीत रुतवायची. पारूबाई म्हणाली, एवढी मोठी झाली, सोड की तिला. मी म्हटलं, चुरमुरे किती देऊ?

चौथ्या दिवशी भट्टीमागच्या काळ्या भिंतीवर पावलं उमटली. चार बोटं लांब, टाच गोल, अंगठा बाजूला पडलेला. मंजुळाचीच. काजळी तिथं पुसली जाऊन पांढरी भिंत दिसत होती. दुसऱ्या दिवशी ती आढ्यापर्यंत गेली. मी ओल्या फडक्यानं पुसली, तर पितळेच्या हंड्यावर उमटली. तिनं टाकायची तेवढी पावलं कुठंतरी पडणारच, त्यांना थांबवणारी मी कोण? जी पडली नाहीत ती तिच्या अंगात राहिली, आणि न टाकलेल्या पावलाला वजन असतं. मुलगी धान्याच्या पोत्यासारखी जड झाली. माझ्या कमरेचं हाड बाहेरच्या बाजूला वाढत गेलं आणि महिन्याभरात त्याची तिला बसायपुरती फळी झाली. नवं लुगडं त्यावरून नेसताना दोन वेढे कमी पडायला लागले.

दिनकर निवडून आला. गुलाल लावून, गळ्यात हार घालून आला. हात जोडायला त्यानं दोन माणसं ठेवली होती. एक त्याचा डावा हात धरायचा, एक उजवा, आणि दोघं मिळून ते जुळवायचे.

"झालं तुझं," मी म्हटलं. "आता हिला ठेवते खाली."

"सत्कार राहिलाय, आक्का. स्टेजच्या पायऱ्या चढायच्यात."

"सत्कार कधी?"

"ठरतोय."

मी तोंड उघडायच्या आधी त्याच्या माणसांनी ओसरीवर गाद्या टाकल्या. गादी म्हणजे जमीन नव्हे, असं त्यांचं ठरलं होतं. गादीवर पोरीचा पाय लागला तरी ते पाऊल धरत नाहीत. मग स्वयंपाकघरात टाकल्या, अंगणात टाकल्या. गाद्या संपल्या तेव्हा गल्लीतल्या बायकांकडून गोधड्या गोळा केल्या. ज्या बायकांच्या पोरांची बारशी मी जेवले, त्यांनी आपल्या हातानं टाके घातलेल्या गोधड्या काढून दिल्या, कारण चेअरमननं मागितल्या होत्या. गल्ली मारुतीच्या देवळापर्यंत झाकली. सायकली गोधड्यांवरून जायला लागल्या, त्यांचा आवाज येईना. कोंबड्यांना टोचायला काही सापडेना, त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

मी कढईपुढं उभी होते. मी पाय उचलला की एक माणूस खाली गोधडी सरकवायचा. म्हणून मी पाय उचलायचं सोडलं. नऊ दिवस मी एका जागी उभी राहिले. तिथंच भाजलं, तिथंच जेवले, तिथंच मुलीला खांद्यावर घेऊन डोळा लावला. माझ्या दोन पायांच्या मधल्या जागेतसुद्धा त्यांनी एक दुपटं पसरलं. गावात जमीन उरली ती माझ्या दोन तळव्यांखाली, बाकी कुठं नाही.

मालक गाद्यांवरून डुलत डुलत चहा घेऊन आले.

"भाऊ हाय तुझा," ते म्हणाले.

"आणि ही?"

"ही लहान हाय. तिला काय कळतंय."

"तुम्ही मोठे हाय. तुम्हाला काय कळलं?"

ते कप घेऊन परत गेले. चहा माझ्यासाठीच आणला होता हे विसरले.

दहाव्या दिवशी सकाळी दिनकर आला. पांढरे कपडे, केसाला तेल. माझ्यासमोर खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या मागं ती दोन माणसं, काखेत एकेक गोधडी. तो बोलायला लागणार तेवढ्यात मंजुळानं माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडं फिरवलं आणि म्हणाली, "आक्का."

सगळी गल्ली मला आक्काच म्हणते. तिनं तेच उचललं. पहिला शब्द. दोन मोठ्या दातांमधून थोडी हवा गेली, पण शब्द स्वच्छ आला. मला हातातला झारा टाकून तिचे मुके घ्यायचे होते. पण मी दिनकरकडं बघत होते. त्याचे ओठ हलले. आ केला, मिटला, परत आ केला. जिथं तो शब्द असायचा तिथं काही नव्हतं. मला वाटलं, आता शोधेल. बत्तीस वर्षं वापरलेला शब्द आहे, खिसे चाचपतो तसा एकदा तरी चाचपेल.

त्यानं शोधला नाही.

"ओ बाई," तो म्हणाला, "मला तालुक्याचं तिकीट मिळतंय. अजून वर्षभर सांभाळा तिला."

"कुणाशी बोलतोस?"

"तुमच्याशीच की. चुरमुरेवाल्या बाई ना तुम्ही?"

मागचा एक माणूस खाली बघायला लागला. त्याला लाज होती. शिक्षण कमी असावं.

"वर्षभर," मी म्हटलं. "आणि पुढं?"

"पुढचं पुढं बघू. मुलगीच हाय. न्हाई चालली तर काय अडतंय? सासरी काय, गाडीतनंच जायची." मग माझा चेहरा बघून त्याला वाटलं, ही भाव वाढवून मागतेय. "चांदीची वाटी मागत होता नव्हं? दोन देतो."

मी झारा कढईत खुपसला. तापलेली वाळू भरून घेतली आणि हात लांब करून त्या दोन माणसांच्या पायांपुढच्या गोधडीवर फेकली. कापूस जळाल्याचा वास आला. ते गोधड्या टाकून ओसरीपर्यंत मागं गेले. पळाले म्हणते मी, पण गाद्यांवर पळता येत नाही, त्यामुळं ते बराच वेळ पळत होते.

दिनकर खांब सोडून पुढं आला. हात पसरले, पण मला धरायला गेलेले दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

मी डावा पाय उचलून मागं गादीवर ठेवला. पायाखालची जमीन दिसली. माझ्याच पायाच्या आकाराची, टाचेकडं खोल गेलेली, थोडी ओली. नऊ दिवसांत तिला कुणाची नजर लागली नव्हती. मग मंजुळाला काखेत धरून वाकले. ती कमरेवरून निघेना. फळीत रुतून बसली होती, सोडवताना हाड कडकन वाजलं. तिला त्या डाव्या जागेत उभी केली. तिचे दोन्ही पाय माझ्या एका पायाच्या खुणेत मावले.

तिनं बोटं आत दुमडली. सोडली. परत दुमडली. माती बोटांच्या फटीतून वर आली. ती हसली नाही. एवढी गंभीर मी तिला कधी बघितली नव्हती.

मग मी उजवा पाय उचलला आणि पूर्ण गादीवर गेले. आता माझ्याखाली जमीन नव्हती. सगळी जमीन तिच्यापुढं होती, माझ्या उजव्या पायाएवढी, एका पावलावर.

दिनकर जिथं होता तिथंच थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला, गुलालाचा जुना रंग घामाबरोबर भुवईत उतरला.

"ओ बाई, धरा तिला."

मंजुळानं उजवा पाय उचलला. समोर दिनकरचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. तो खाली दाबायला बघत होता, पाय ऐकत नव्हता. दोन पाय हवेत होते, एक चार बोटं लांब, एक कोल्हापुरी चपलेतला, आणि दोन्ही एकाच बाजूला किंचित कलले. गल्लीत गोधड्यांवर उभ्या कोंबड्यांनी माना वर केल्या.

"धरा की, बाई. पडंल ती."

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट गुंतवले.

"दिनू," मी म्हटलं, "तू आजवर चाललास तेवढं पुरे झालं."