मागच्या खोलीतला देवमासा

मित्रांनो, जगातल्या साऱ्या थोर गोष्टी पाण्यातून जन्माला आल्या आहेत. नद्यांच्या काठी संस्कृती उभ्या राहिल्या, समुद्रावरून साम्राज्यं आली आणि गेली, आणि पहिला जीवसुद्धा म्हणे कुठल्याशा डबक्यातच डोळे किलकिले करून बसला होता. त्याच थोर परंपरेतला मी एक. माझा जन्म कबुतराच्या घरट्याने तुंबलेल्या एका फुटक्या पन्हळीतून झाला.

मी भिंतीवरचा एक जुना ओलीचा डाग आहे.

नाक मुरडू नका. इंग्लंडातल्या ऑल्डरशॉमध्ये बर्नाडेटबाईंच्या मासे-बटाट्यांच्या दुकानावर दोन खोल्यांची जागा आहे, तिच्या मागच्या खोलीत, कपाटाच्या डाव्या अंगाला माझं वास्तव्य. लहानपणी मी चहाच्या कपाने टेबलावर उमटावं तेवढंसं पिवळट वर्तुळ होतो. ऑल्डरशॉत पाऊस येत-जात नाही, तो तिथला रहिवासीच आहे. त्याला मात्र घरासाठी कुठल्या यादीत नाव घालावं लागलं नाही. पन्हळीतून झिरपत, विटांमधून वाट काढत तो माझ्याकडे येई आणि मी झोपेतच थोडा थोडा वाढे. खालून तळणाची ऊबदार वाफ येई. वरून पाणी, खालून ऊब. राजपुत्रांचंही याहून वेगळं काय असतं?

घरमालक दर नव्या भाडेकरूच्या आधी मला पांढरा रंग फासून जाई. एका बिऱ्हाडाने माझ्यावर गुलाबांचा कागद चिकटवला. मी त्यातून वर आलो, तेव्हा गुलाब तपकिरी झाले होते आणि मला उगाचच माळी असल्यासारखं वाटत होतं. बिऱ्हाडं येत, कपाट माझ्यापुढे सरकवत, खोकत आणि जात. मला नाव कुणी दिलं नाही.

नाव दिलं ते टिलीने.

लॉरेनचा संसार मोडला तेव्हा ती आपल्या मुलीला, टिलीला, आणि आईला, एनिडबाईंना, घेऊन इथे राहायला आली. लॉरेन वृद्धाश्रमात कामाला, पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपायची. मागची खोली आजी आणि नातीची. टिलीची खाट बरोबर माझ्यासमोर. पहिल्याच सकाळी ती कुशीवर वळली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तू देवमासा आहेस."

मित्रांनो, मी त्या दिवशी दिवसभर देवमासाच होतो. पुढच्या सरीला मला शेपूट फुटली. टिली मला शाळेतलं सगळं सांगायची. माझ्या पाठीवरून बोट फिरवायची, मी कुठल्या समुद्राकडे निघालोय ते ठरवायची. पाऊस छपरावर बोलत राही आणि मी तिला पाठीवर घेऊन कुठच्या कुठे जाई, निळ्या बर्फापर्यंत, जिथे तळणाचा वासही पोचत नाही.

हिवाळा लागला तशी माझ्या अंगावर बारीक काळी मखमल उगवली. मला वाटलं, आपण देखणे होत चाललो. टिली मात्र खोकायला लागली होती. उशीखाली दम्याच्या औषधाचा निळा पंप आला. ती दोनदा तो तोंडात धरून ओढायची, मग माझ्याकडे बघून हसायची, आणि मी मूर्ख, आणखी फुलायचो.

लॉरेनने कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कमी भाड्याच्या घरासाठी नाव घातलंच होतं. त्या कौन्सिलचा कारभार मला जिन्यातून ऐकू आला. बर्नाडेटबाई बटाटे सोलता सोलता समजावत होत्या.

"हे बघ लॉरेन, चार गट असतात. डोक्यावर छप्परच नाही, नाहीतर जिवावर बेतलंय, ते अ. घरापायी आजारी पडतात, नाहीतर एकावर एक रचून झोपतात, ते ब. थोडंफार अडतंय, ते क. आणि ड म्हणजे ज्यांना कौन्सिल फक्त नाताळच्या शुभेच्छा देतं."

"आम्ही क."

"हां. एका गटात जो आधी आला त्याला आधी. म्हणजे टिलीच्या लग्नापर्यंत होईल काहीतरी."

"चेष्टा नको गं. तिला धाप लागते. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"धाप लागते हे डॉक्टरने लिहिलं. ती घरामुळे लागते हे त्यांच्या माणसाने डोळ्यांनी बघायला हवं. तो येईल. त्याला ती भिंत दाखव, ब गट तुझा."

मित्रांनो, इंग्रज माणूस रांगेत जन्मतो आणि रांगेतच शहाणा होतो. पण ही रांग न्यारी. इथे कुणी धक्का मारून पुढे घुसत नाही. आपण नीट उभे असतो, आणि मागून आपल्याहून जास्त दुःखी माणूस येतो. त्याला पुढे जाऊ द्यावं लागतं, आणि द्यावं हेच खरं. फक्त दुःख नुसतं असून भागत नाही, ते दिसावं लागतं. आणि टिलीचं दुःख दाखवायचं काम सगळ्या घरात एकट्या माझ्याकडे आलं होतं. एवढी मानाची नोकरी ओलीच्या कुठल्या डागाला मिळाली असेल!

इथे एनिडबाईंविषयी सांगायला हवं. एनिडबाई त्या पिढीतल्या, जी दाराबाहेरची पायरीसुद्धा घासून काढते, कारण आत कोण राहतं ते पायरीवरून कळतं. पाहुणा येणार म्हटलं की त्यांच्या हाताला फडकं आपोआप उगवतं. आणि आता तर कौन्सिलचा साहेब येणार होता.

लॉरेन कामाला गेली आणि एनिडबाई बादली घेऊन आल्या. ब्लीच, ताठ दातांचा ब्रश, आणि पाणी असलं गार की काही विचारू नका. त्यांनी माझी शेपूट काढली, पाठ काढली, डोळासुद्धा काढला. खिडकी सताड उघडली, लव्हेंडर शिंपडलं, नवे जाळीचे पडदे लावले, आणि केक भाजायला गेल्या.

ग्रिमशॉसाहेब आले. सौम्य गृहस्थ, छत्री दाराबाहेर निथळत ठेवून आलेले. त्यांनी केकचा तुकडा खाल्ला, पुढची खोली बघितली, सोफ्यावर झोपता येतं म्हणजे तीही निजायची खोली धरावी लागेल असं ओशाळून सांगितलं, आणि मागच्या खोलीत आले.

"ओल कुठे आहे म्हणालात?"

"ओल?" डुकरं कुठे बांधता असं विचारल्यासारख्या एनिडबाई ताठ झाल्या. "आमच्या घरात? अख्खा जन्म संसार केला मी, साहेब. माझ्या पायरीवर पान मांडून जेवून जावं कुणीही."

"तुमच्या मुलीने लिहिलं होतं..."

"तिला वाढवून सांगायची सवयच आहे. लहानपणापासून. आणखी एक तुकडा घ्या ना."

ग्रिमशॉसाहेबांनी पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे पाहिलं, आणखी एक तुकडा घेतला, खोली छान ठेवली आहे म्हणाले आणि गेले. क गट कायम राहिला. छान ठेवलेल्या खोलीला कौन्सिल काय म्हणून घर देणार?

लॉरेन आली, भिंत पाहिली आणि कोट न काढताच खाटेवर बसली.

"आई, तू भिंत पुसलीस?"

"पुसली नाही. घासली."

"अगं, का?"

"पाहुणा येणार होता."

"पाहुणा नव्हता तो! त्याला तेच तर दाखवायचं होतं!"

"मी परक्या पुरुषाला घरातली घाण दाखवू? तुझे बाबा असते तर..."

"बाबा असते तर त्यांच्याच हातात फडकं असतं, आणि तू मागे उभी राहून इथे राहिलं, तिथे राहिलं म्हणाली असतीस!"

खालून बर्नाडेटबाईंचा आवाज आला, "कमाल केलीस हो एनिड! लोक नसलेली दुःखं मांडून ठेवतात, तू असलेलं धुऊन काढलंस!"

स्वयंपाकघरात जाऊन एनिडबाईंनी धुतलेले कप परत धुतले.

लॉरेनने पुन्हा तपासणीची मागणी केली. आणि मी? मी परत आलो. पुढून कितीही घासा, मी मागून येतो, पन्हळ तीच आहे. यावेळी मी आणखी मोठा झालो, छताला टेकलो. टिली म्हणाली, देवमाशाला पिल्लू झालंय. हे सांगताना तिला मधे दोनदा थांबावं लागलं.

जानेवारीत तिला दोन दिवस इस्पितळात ठेवलं. खाट रिकामी होती. लॉरेन तिचे कपडे घ्यायला आली, मधेच थांबली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ही भिंतच माझ्या पोरीला खातेय."

त्या दिवशी मला कळलं की मी देवमासा नाही. पाऊस छपरावर बोलत होता, मी मात्र कुठेच जात नव्हतो. आक्रसून जावं असं फार वाटलं. पण डागाला लहान होता येत नाही, मित्रांनो. त्याला फक्त दिसता येतं. आपण दिसलो तर ती आपल्यापासून दूर जाईल, आणि दूर गेली तरच तिला श्वास येईल. असलं प्रेम कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण आलंच, तर नीट ठसठशीत दिसावं.

टिली घरी आल्यावरच्या मंगळवारी ग्रिमशॉसाहेब पुन्हा यायचे होते. ब्लीचची बाटली बर्नाडेटबाईंनी आधीच दुकानात, व्हिनेगरच्या मागे दडवली होती. लॉरेनला ऐन वेळी कामावर बोलावणं आलं. दारातून ती म्हणाली, "आई, शपथ घे. भिंतीला हात लावणार नाहीस."

"नाही लावणार."

एनिडबाईंनी शब्द पाळला. भिंतीला हात लावला नाही. फक्त एक खिळा ठोकला आणि त्यावर स्कारबरोच्या किनाऱ्याचं भलंमोठं चित्र टांगलं, मधुचंद्राच्या वेळी घेतलेलं. माझ्यासमोर अंधार झाला. माझी शेपूट तेवढी बाहेर राहिली होती, तीही त्यांनी पडदा ओढून झाकली.

साहेब आले. छत्री, केक, पुढची खोली, मागची खोली. सगळं मागच्यासारखंच.

"ओल, मिसेस ओल्ड्रॉइड?" साहेबांनी एनिडबाईंना विचारलं.

त्यांनी पडदा आणखी थोडा ओढला. साहेबांनी स्कारबरोकडे पाहिलं, चित्र छान आहे म्हणाले, आणि वही मिटली. जिन्यापर्यंत पोचलेही. तेवढ्यात पुढच्या खोलीत टिलीला खोकला आला. शाळेत पाठवलं नव्हतं तिला. एकदा सुरू झाला तो थांबेना. मग पंपाचा आवाज आला. मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार लांबलं. मग श्वास.

"थांबा," एनिडबाई म्हणाल्या. "जरा आत या, साहेब."

त्यांनी दोन्ही हातांनी चित्र उतरवलं आणि पोटाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांची मान खाली होती.

"मी अख्खी भिंत घासली होती हो ही. देवाशपथ घासली होती. तरी येतं."

ग्रिमशॉसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "मिसेस ओल्ड्रॉइड, ओल घाणीने येत नाही. पाण्याने येते."

"म्हणजे... मी?"

"तुमची खोली माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे. बायकोला सांगू नका."

एनिडबाई हसायला गेल्या आणि रडल्या. साहेबांनी खिशातून ओल मोजायचं एक छोटं यंत्र काढलं आणि त्याच्या दोन सुया माझ्या अंगावर टेकवल्या. यंत्र किंचाळलं. इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी हस्तांदोलन केलं नव्हतं, मित्रांनो. मी भरून आलो. तसा मी नेहमीच भरलेला असतो, पण त्या दिवशी जरा जास्त.

ब गट मिळाला. म्हणजे घर मिळालं असं नव्हे, आता बोली लावायची मुभा मिळाली. कौन्सिल रिकामी घरं जाहीर करतं आणि लोक बोली लावतात, पैशांची नव्हे, आपापल्या गटाची. लॉरेन दर आठवड्याला लावी. एकदा घर जळून बेघर झालेलं कुटुंब पुढे गेलं. लॉरेन म्हणाली, "जाऊ दे, बिचारे," आणि मग मोज्यांचा जोड भिंतीवर फेकला, तो मला लागला. एप्रिलमध्ये टेकडीच्या अंगाला एक घर लागलं, दोन निजायच्या खोल्या आणि मागे गवताचा तुकडा. ग्रिमशॉसाहेबांनी तिथल्याही भिंतींना यंत्र लावून पाहिलं. यंत्र गप्प बसलं.

काल सामान गेलं. टिलीने पेन्सिलने माझ्याभोवती रेघ ओढली, डोळ्याच्या जागी टिंब दिलं आणि म्हणाली, "आता पोहत जा तू." मग तिने उगाच एक मोठा श्वास घेऊन बघितला आणि जिना उतरून गेली.

आता खोली रिकामी आहे. उन्हाचा एक चौकोन माझ्या शेपटीवर पडला आहे. तेव्हा जाता जाता दोन शब्द सांगतो, मित्रांनो. घरांची काळजी घ्या. भिंत घासण्याआधी छपरावर चढून पन्हळ बघा, कारण उद्या इथे आणखी कुणाची खाट पडणार आहे. आपलं दुखणं चित्राआड टांगू नका. आणि ज्यांच्या हाती गट ठरवायचे आहेत, त्यांनी जिन्यापर्यंत पोचल्यावरही कान मागे ठेवावेत.

आणखीही पुष्कळ सांगायचं होतं. पण जिन्यात बादली वाजते आहे. मागून येणारं बिऱ्हाड आपल्याला काय म्हणेल, या काळजीने एनिडबाई टेकडीवरून परत आल्या आहेत. बाह्या वर सारल्या आहेत, ब्रश तोच आहे.

एनिडबाई, माझी हरकत नाही. पाणी तेवढं कोमट घ्या.