हाकेला ओ

"डबा कुठं ठेवलास?" आईनं विचारलं.

"कसला डबा?"

"काळ्या रंगाचा. उगाच वेड पांघरू नकोस. आज जायचं असतं, चांगलं ठाऊक आहे तुला."

पेंटर जमिनीवर उकिडवा बसून ब्रश घासलेटात धूत होता. त्यानं मान वर केली नाही. "यंदा मी जाणार नाही," तो म्हणाला. "थोरल्याला सांग, यंदा तसाच राहा म्हणावं."

आत बायकोनं भांडं आपटलं. त्या घरात भांडणाच्या आधी भांडं वाजायचं, म्हणजे शेजाऱ्यांना खिडकीशी यायला वेळ मिळायचा.

आता, पेंटर हे काही त्याचं नाव नव्हे. नाव होतं, चांगलं भारदस्त होतं. पण ते इथं घेण्यात अर्थ नाही, कारण घेतलं तर निम्मी वस्ती ओ देईल. वस्तीच्या मधोमध त्या नावाच्या संताचं चर्च. चर्चवरून शाळेला नाव, शाळेवरून रस्त्याला, रस्त्यावरून बसथांब्याला. मोठा दवाखाना त्याच नावाचा, दोन बेकऱ्या त्याच नावाच्या, आणि पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवरही तेच नाव. हा संत म्हणे हाकेला धावायचा. संकटात नाव घ्या, आलाच. म्हणून घरोघरचा पहिला मुलगा त्याच्या नावाचा. मास्तरांनी हजेरीला ते नाव पुकारलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. मग मास्तर वैतागून लांब्या, फेंगड्या, डावरा असं सुरू करायचे, आणि ते माणसाला जन्मभर चिकटायचं. आमचा पेंटर आधी डावरा होता. पुढं डाव्या हातानं पाट्या रंगवायला लागला, तेव्हा पेंटर झाला.

बाहेर कोणी काहीही म्हणो, घरात आया मात्र पोरांना नावानंच हाक मारत. संध्याकाळी एखादी आई दारात येऊन ओरडली की मैदानातली सगळी पोरं थबकायची, आणि ज्याची आई तोच घरी पळायचा. आवाज ओळखू यायचा ना. पेंटरची आई तेवढी दारात येऊन नुसती टाळी वाजवायची. घरात अरे. फारच मायेत आली तर ए.

कारण त्या घरात त्या नावाचा एक आधीच होऊन गेला होता. थोरला. नुकता बोलायला लागला होता आणि तापात गेला. पुढच्या वर्षी हा जन्मला, आणि बापानं तेच नाव ह्याला देऊन टाकलं. पहिल्या मुलाची जागा रिकामी ठेवायची नाही, असा वस्तीचा दंडकच होता. बाप्तिस्म्याला पाद्र्यानं नाव विचारलं तेव्हा बाप बोलला. आई खाली बघत उभी होती.

थोरल्याच्या थडग्यावर छोटा दगड आहे, त्यावर नाव कोरलेलं. कोरलेल्या अक्षरांत दरवर्षी ह्या दिवशी काळा रंग भरायचा. आधी बाप भरायचा. ह्याच्या हातात ब्रश ठरायला लागला तसं ते काम ह्याच्याकडं आलं. वस्तीतल्या सगळ्या पाट्या ह्यानंच रंगवल्या होत्या, शाळेची, दवाखान्याची, दोन्ही बेकऱ्यांची. आता तिथं फ्लेक्स लटकतात. हातानं लिहिलेलं ते नाव उरलं होतं फक्त त्या दगडावर. आता पेंटर साठीला टेकला होता, आणि अजून दरवर्षी आपलंच नाव थडग्यावर गिरवत होता.

"लोकांचं नाव मेल्यावर लिहितात," तो म्हणाला. "मी माझं जिवंतपणी लिहितोय. तेही स्वतःच्या हातानं."

"त्याचं नाव आहे ते."

"बघ. त्याचं. मग माझं कुठलं?"

आई पलंगावरूनच वाकून खाली डबा शोधायला लागली.

"एकदा घे. इथं, ह्या खोलीत. मला नावानं हाक मार, लगेच डबा उचलतो."

"नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"मग माझ्याच्यानंही नाही व्हायचं."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," आतून बायको म्हणाली. "जो गेला तो गुणाचा. जो दवाखान्यात नेतो, औषधं आणतो, त्याला अरे आणि ए. कुत्र्यालासुद्धा लोक नाव ठेवतात."

"तू मध्ये बोलू नकोस, सूनबाई."

"मी कुठं मध्ये आहे? मी ओट्यापाशी आहे."

आई पलंगाला धरून उठली. पलंगाखालून काठीनं डबा पुढं ओढला, वाकून उचलला, त्यानं नुकताच धुतलेला ब्रश त्याच्या समोरून घेतला आणि चपला घालून निघाली. गुडघे असे, की घरातल्या घरात चालताना भिंत लागायची. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

"जा आता मागं," बायको म्हणाली. "रस्त्यात पडल्या तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील. तुमच्या नाही."

"पडू दे," पेंटर म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

त्यानं तिला कोपऱ्यावर गाठलं. डबा आणि ब्रश हिसकावून घेतला. दोघं शाळेवरून, दवाखान्यावरून एकमेकांकडं न बघता चालले. चर्चच्या दारावर संत उभा होता, एक हात मोडलेला, दुसरा कानाशी.

"एक सांगून ठेवतो," पेंटर म्हणाला. "रंगवतो मी. पण आजपासून अरे, ए, टाळी, कशालाच ओ देणार नाही. माझ्याशी काम असेल तर नाव घ्यायचं. नाहीतर बस बोंबलत."

"आईशी असं बोलतात?"

"नाव माहीत नसलेल्या माणसाशी कोणी कसंही बोलतं."

कब्रस्तानाच्या फाटकाशी दगडी बाक होता. आई तिथं टेकली. थोरल्याचा दगड पार मागं, कुंपणाच्या भिंतीशी, झुडपांच्या पलीकडं. मागच्या वर्षी ती तिथवर आली होती. यंदा तिनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान हलवली.

"तू जा. पण आधी ऐक," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारभर त्याला मांडीवर घेऊन बसले होते. बायका म्हणाल्या, हाक मारत राहा, म्हणजे शुद्ध राहील. मारत राहिले. त्याला मारत होते, त्या संतालाही मारत होते. दोघांचं नाव एकच. दोघांपैकी एकानंही ओ दिली नाही. तेव्हापासून ते नाव मी तोंडातून काढलं नाही. दवाखान्यालासुद्धा मोठा दवाखानाच म्हणते मी. बसवाल्याला सांगते, चर्चच्या बुटक्या मनोऱ्यापाशी उतरव."

हे खरं होतं. म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणून तो आजवर त्याला हसत आला होता.

"तो बोलला नाही, ह्याची शिक्षा मला?"

"तुला हाक मारली आणि तूही ओ दिली नाहीस तर?"

"मी दिली असती. शंभरदा दिली असती. तू एकदा मारून तर बघायचंस."

"भीती वाटायची."

"साठ वर्षं?"

"हो," ती म्हणाली. "साठ वर्षं."

अशा वेळी गोष्टीतला मुलगा आईच्या गळ्यात पडतो. हा पडला नाही. उलट त्याचं डोकं जास्तच तापलं. साठ वर्षं तिनं आपल्याला जिवंत धरलंच नाही, जाईल जाईल म्हणूनच बघत राहिली, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. तो डबा घेऊन तरातरा मागं निघून गेला.

दगडावर शेवाळ चढलं होतं. त्यानं खिळ्यानं ते अक्षरांतून खरवडलं, धूळ फुंकली, ब्रश बुडवला आणि भरायला लागला. राग कितीही असो, हात चुकत नव्हता.

अर्धं नाव झालं आणि फाटकाकडून टाळी वाजली.

तो भरत राहिला.

"अरे," आईचा आवाज आला. "झालं का?"

वाजव, म्हणाला तो मनात. बस बोंबलत.

"ए. ऊन उतरलं. चल." मग जरा थांबून, "धाकट्या." मग, "पेंटर." पेंटर तिनं त्याला उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं, पाटी रंगवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी वाटली. त्याला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. तो शेवटच्या अक्षरापाशी आला होता.

आणि मग तिनं नाव घेतलं.

आधी त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी कोणी बोलावतंय. आवाज ओळखीचा नव्हता. तरुण होता. दारात उभ्या राहून मैदानाकडं तोंड करणाऱ्या बाईचा होता. मग कळलं, की आईच ती, आणि हाक आपल्याला आहे. त्याच्या हातातला ब्रश थांबला. ओ अगदी ओठाशी आली होती.

पण जन्मभराचं साठलेलं असं सहजी जातं का? त्यानं ती गिळली. आणखी एकदा मार, म्हणाला मनात. मी साठ वर्षं वाट पाहिली, तू जरा पाहा.

तिनं दुसऱ्यांदा मारली. त्यानं डोळे मिटून ऐकली, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. काय गोड लागली ती, खोटं कशाला बोला.

तिसऱ्यांदा हाक अर्ध्यात फाटली. नावाचा मागचा भाग आलाच नाही. आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

तेव्हा कुठं ती दुपार त्याच्या डोक्यात शिरली. मांडी, ताप, आणि हाकांमागून हाका. तो असा उठला की डबा पालथा झाला. "ओ," तो म्हणाला. "ओ, आई. ओ. आलो." झुडपं अंगावर घेत तो धावत सुटला.

ती बाकावर नव्हती. काठी बाकाशी पडलेली, एक चप्पल वाटेत. बरीच आत येऊन कोणाच्या तरी क्रूसाला दोन्ही हातांनी धरून ती उभी होती, आणि तोंड हाक मारल्यासारखंच उघडं होतं. तो समोर येऊन उभा राहिला तरी ते मिटेना. तिनं क्रूस सोडून त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. मग तोच हात उचलून साठीच्या मुलाच्या थोबाडीत दिली. चांगली सणसणीत.

"ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

शरमेनं त्याला तिच्याकडं बघवेना. "चुकलो," तो म्हणाला.

"परत असं करू नकोस."

"नाही करणार."

त्यानं चप्पल आणून तिच्या पायात घातली. तिनं त्याची बाही मुठीत धरली ती धरलीच. "झालं रंगवून?" तिनं विचारलं.

"शेवटचं अक्षर राहिलंय. रंग सांडला."

"राहू दे," ती म्हणाली.

घरी बायकोनं त्याच्या गालाकडं बघितलं. "कोणी मारलं?"

"आईनं."

"बरं केलं," बायको म्हणाली, आणि त्याच्यापुढं ताट ठेवलं.

तो पहिला घास घेतोय तोच आतल्या खोलीतून टाळी वाजली. "अरे."

नाव नाहीच. पुन्हा कधी आलंही नाही.

"ओ," पेंटर म्हणाला.

आतून पुढं काही आलं नाही. बायकोनं हातातला डाव खाली ठेवला. "काय हवंय त्यांना?"

"काही नाही."

"मग हाक कशाला मारतात?"

तो जेवत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा "अरे" आलं, अगदी हळू, भिंतीलाच विचारल्यासारखं. तोंडात घास होता, तरी तो म्हणाला, "ओ."