महाधमनीवरचा तंतू

बहिरूचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. साल १९६४. मी हौशीराम, उर्से गावचा, पुण्याला बी.एस्सी. झालेला. बहिरू डोंगरातल्या वाडीचा, लोणावळ्याला आमच्या डॉक्टरसाहेबांच्या प्रयोगशाळेत ट्रे धुणारा. आणि साहेब उठता-बसता नाव घ्यायचे ते त्याचं!

काम होतं बोकडाच्या महाधमनीवरचे मज्जातंतू मोकळे करायचं. हृदयातून निघणाऱ्या त्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब किती चढला, याची खबर मेंदूला देणारा एक बारीक तंतू असतो. मी चिमट्याने ओढायचो आणि तो तुटायचा. बहिरू करवंदीच्या काट्याने हळूहळू चरबी उकलायचा.

"भाऊ, दोऱ्याला हात लावायचाच न्हाई. भवतालचं काढायचं, मंग त्यो आपसूक दिसतो," असं वर मलाच शिकवायचा.

पुण्याच्या परिषदेत एक नमुना मांडायचा होता, खाली करणाऱ्याच्या नावाचं कार्ड. साहेबांनी बहिरूचा निवडला आणि कार्ड माझ्याकडून लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं म्हणे! जळफळत लिहिलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कात्री घेतली आणि त्याचा तंतू कापला.

साहेबांनी येऊन भिंग लावलं. चेहराच उतरला त्यांचा. "बहिरू, हे कुणी केलं?"

बहिरू वाकला. ओढून तुटलेल्या तंतूचं टोक विसकटतं, हे तर सरळ छाटलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कात्रीनं चरबी छाटताना माजाच हात घसरला, सायेब."

साहेब भडकले. नवा नमुना मी करायचा आणि बहिरूने फक्त ट्रे धुवायचे, असं ठरलं. मला हवं होतं तेच झालं.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुमची नोकरी गेली आसती, भाऊ. आन कार्डावरचं नाव मला वाचाया कुटं येतंय?"

मी नवं हृदय ट्रेमध्ये घेतलं. तासभर शोधलं, तंतू काही सापडेना. शेवटी त्यालाच हाक मारली. तो ओल्या हातांनी आला, "ह्यो बगा, हितं," म्हणाला आणि परत मोरीकडे गेला. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. एवढं मोठं मन याला कुणी दिलं, आणि मला का नाही? त्या दिवशी मला बहिरूचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता.