तिच्या नावाने बंद

चिमटीने सकाळी संगणक उघडला तेव्हा तिची तक्रार बंद झालेली होती, आणि ती तिनेच बंद केलेली होती.

निदान पडद्यावर तरी तसं दिसत होतं. खाली तिचं नाव, कालच्या दुपारची वेळ आणि एक ओळ : ‘माझीच तपासणी चुकली होती. दोष नाही. क्षमस्व.’ काल दुपारी चिमटी दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडली होती. अर्धा जबडा बधिर होता. ‘क्षमस्व’ हा शब्द तिला तेव्हा उच्चारतासुद्धा आला नसता.

शेजारच्या टेबलावरचा गवई, जो कामात अडला की गुणगुणायचा, खुर्चीसकट सरकत आला. “काय चिमटीबाई, दाढेबरोबर तक्रारही उपटून टाकलीत वाटतं?”

“मी नाही बंद केली.”

“मग भुताने केली का? तुझी तक्रार तुझ्याशिवाय कोणाला बंदच करता येत नाही.”

ते खरं होतं. सुरक्षेची तक्रार जो नोंदवेल त्यानेच बंद करायची, वरिष्ठांनीही तिला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक होता. तो घालून दिला होता भाऊजींनी. भाऊजी म्हणजे चिमटीच्या ताईचे यजमान आणि इथले मुख्य अभियंता. पदवी हातात पडल्यावर त्यांनीच तिला इथे आणलं. बारीक चूक नेमकी उचलते म्हणून चिमटी हे नावही त्यांनीच ठेवलं.

इथे रुग्णालयांतल्या औषधपंपांची कार्यप्रणाली तयार व्हायची. शिरेत थेंबथेंब औषध सोडणाऱ्या यंत्रांची. परिचारिकेच्या खात्यातून औषधाचा वेग ठरावीक मर्यादेत कमीजास्त करता येई. मर्यादाच बदलायची तर मुख्य खातं लागे. चिमटीला सापडलेला दोष असा, की कोणतंही साधं खातं मुख्य खातं होऊन बसू शकत होतं. प्रणालीचा एक भाग मुख्य खात्याच्या अधिकाराने चालायचा. तो आधी फाइल कोणाची आहे ते तपासायचा आणि मग ती उघडायचा. या दोन्हींच्या मध्ये पापणी लवायलाही पुरणार नाही एवढी फट होती. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहावं, दार उघडायला पाठ फिरवावी आणि तेवढ्यात समोरचा माणूस बदलावा, तसं. ती फट गाठणारा छोटासा प्रोग्राम चिमटीने लिहिला. तो शेकडो वेळा हुकायचा आणि एकदा लागायचा. एकदा पुरे होतं.

तो तिने फक्त भाऊजींना दिला. “शाब्बास,” ते म्हणाले होते, “पण दुरुस्ती होईपर्यंत कुठे बोलू नकोस. ताईकडेही नाही.” ती बोलली नव्हती. गवईलाही तक्रार आहे एवढंच ठाऊक होतं, काय आहे ते नाही.

आणि आज दुपारच्या बैठकीनंतर नवी आवृत्ती रुग्णालयांकडे जायची होती. तिला अडवून धरणारी ही एकच तक्रार उरली होती.

कोणीतरी घुसलंय, भाऊजींना सांगायला हवं, म्हणून चिमटी उठली. मग परत बसली. आधी नीट बघू, मग जाऊ.

तक्रारी ज्या यंत्रावर राहायच्या तेही आपल्याच प्रणालीवर चालायचं, म्हणजे ती फट तिथेही होती. तिथल्या नोंदी स्वच्छ होत्या, जरा जास्तच. कालच्या दुपारचा तुकडा नव्हताच. मग तिने तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर उघडला. हुकलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे तिचा प्रोग्राम एक रिकामी फाइल टाकून जायचा. पुढे तिने तो गबाळेपणा सुधारला होता, पण भाऊजींना दिलेली प्रत पहिली होती. फोल्डर रिकाम्या फाइलींनी भरला होता, आणि मालक म्हणून प्रत्येकीवर भाऊजींचं खातं होतं.

या वेळी ती उठली ती परत बसली नाही.

भाऊजी पाण्याच्या नळाशी बाटली भरत होते. “दाढ कशी आहे गं?”

“भाऊजी, माझ्या नावाने तुम्ही बंद केलीत?”

त्यांनी नाही म्हटलं नाही. बाटली भरू दिली. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होणारच आहे. मी तारीख देऊन बसलोय. आणि वॉर्डात तुझ्यासारखी कार्टी कोण बसलीय असलं काही करायला?”

“मग स्वतःच्या नावाने लिहायचंत.”

“नियम आडवा आला ना. घरचं माणूस म्हणून हक्काने केलं. तुझं काय बिघडलं? नव्या पोरांच्या चुका कोणी लक्षात ठेवत नाही.”

“बैठकीआधी मोठ्या बाईंना सांगा.”

“सांगतो,” ते म्हणाले. आणि एवढं होऊनही तिला ते खरं वाटलं.

बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, चष्मा वर सारला. “सगळ्या तक्रारी बंद?”

“सगळ्या,” भाऊजी म्हणाले. “शेवटची काल झाली. पोरीचा गैरसमज होता, तिनेच कबूल केलंय.”

“मी काही कबूल केलेलं नाही,” चिमटी म्हणाली.

भाऊजी हसले. “दाढेची गुंगी उतरली नसेल अजून.” गवईही हसला. प्रोग्रामिंग शिकताना ती अडली की भाऊजी असंच हसायचे, आणि तिला धीर यायचा.

चिमटीने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. कोपऱ्यातल्या चाचणीच्या पंपात ती पाहुण्याच्या साध्या खात्याने शिरली आणि तिने प्रोग्राम सोडला. हुकल्याच्या ओळी धावत राहिल्या. ओळी थांबल्या. तिने मर्यादा वाढवली, मग वेग. पंपाची घरघर चढली आणि नळीतलं पाणी भांड्यात धारेने पडू लागलं.

“आणि कालचं?” बाईंनी विचारलं.

चिमटीने भाऊजींकडे पाहिलं. अजूनही त्यांनी स्वतः म्हणावं, असं तिला वाटत होतं. ते म्हणाले, “खातं तिचं आहे, तिलाच विचारा.”

मग तिने फोल्डर उघडला आणि त्या फाइली कशा तयार होतात ते सांगितलं.

बाईंनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. “आज काहीही पाठवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीचे जा.” मग भाऊजींकडे वळल्या. “तुम्ही थांबा.”

चिमटी बाहेर पडताना दाराशी येऊन भाऊजी हळूच म्हणाले, “ताईचा तरी विचार करायचास.”

“केला ना. म्हणून तर आधी तुमच्याकडे आले.”

टेबलाशी येऊन तिने तक्रार पुन्हा उघडली. मग पासवर्ड बदलला. दोष निघेपर्यंत त्याने काडीचाही फरक पडणार नाही, हे इथे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी बदलला.