स्वस्त काडतुसांचा कर्णधार

लायनेल फॅनशॉ निवृत्त झाला तेव्हा हाती आलेल्या रकमेतून त्याने एक दुनळी बंदूक घेतली. अक्रोडाचा दस्ता, पोलादावर कोरलेले तितर आणि आतून मखमल लावलेली चामडी पेटी. तेवढ्या पैशात त्याच्या बायकोचे, बेरिलचे, स्वयंपाकघर छतापासून फरशीपर्यंत नवे झाले असते. बंदुकीपाठोपाठ लोकरी कोट आला, गुडघ्याखाली आवळायच्या विजारी आल्या, खांद्याला दणका बसू नये म्हणून शिवलेले जाकीट आले. या सर्व खर्चाच्या वेळी लायनेलने एकदाही घासाघीस केली नाही. ती तो करी, ती केवळ काडतुसे घेताना.

यात तो एकटा नव्हता. ऑल्डरकोम्बच्या नेमबाजी मंडळातील यच्चयावत सभासदांची हीच रीत. दर रविवारी मिसेस कॉकरम यांच्या कुरणावर जमायचे, यंत्राने हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्यांवर बार काढायचे आणि दोन बारांच्या मधल्या वेळात काडतुसांच्या भावावर बोलायचे. बंदूक मुलाला ठेवून जाता येते, भिंतीवर टांगता येते, पाहुण्यांना दाखवता येते. काडतूस मात्र चाप ओढताक्षणी धूर होऊन जाते, आणि बहुतेक वेळा तबकडी आपली अखंड पलीकडच्या झुडपात जाऊन पडते. पैशाचा असा धूर होताना पाहणे या मंडळींना जिवावर येई. त्यापायी ती शेजारच्या परगण्यापर्यंत गाडी हाकत, वाटेत मटणाच्या कचोऱ्या खात आणि वाचवलेल्याच्या दुप्पट खर्चून मोठ्या समाधानाने घरी परतत.

लायनेलला या उन्हाळ्याच्या निवडणुकीत मंडळाचा कर्णधार व्हायचे होते. कर्णधारांची नावे मंडळाच्या खोपटातल्या ओकच्या फळीवर सोनेरी अक्षरांत लिहिली जात. लायनेलने पतपेढीच्या शाखेत उभी हयात काढली होती आणि तिथे त्याचे नाव कुठे लागले असेल, तर ते फक्त गाडी उभी करण्याच्या जागेवर. तेही पावसाने पुसट झाले होते. फळीवरचे नाव पुसले जात नाही, हे त्याने पुष्कळदा जवळ जाऊन निरखले होते.

अडचण होती ती डेन्झिल हार्करची. डेन्झिलचा नेम चांगला होता आणि त्याचे केसही अजून शाबूत होते. नेमात आपण याला गाठू शकत नाही, हे लायनेलला मनोमन कबूल होते. तेव्हा त्याने स्वस्ताईत गाठायचे ठरवले. जूनच्या एका रविवारी चहाच्या वेळी त्याने कप बशीत ठेवला, घसा साफ केला आणि उन्हाळी ढालीच्या सामन्याची सगळी काडतुसे आपण आणून देऊ, असे जाहीर केले. असा भाव तुम्ही आयुष्यात ऐकला नसेल, असेही तो म्हणाला.

"आणि उडतात का ती?" डेन्झिलने विचारले.

"तुझ्याच्याने तबकडी चुकली, तर दोष काडतुसाला देता येईल. हा फायदा वेगळा," लायनेल म्हणाला. सगळे हसले. डेन्झिल उशिरा हसला, आणि लायनेलने ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

त्यानंतर पंधरवडाभर बेरिलला आपल्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवायची सोय उरली नाही. टेबलावर काडतुसांची रांग लागली. लायनेल काडतुसाच्या नळीचे तोंड धारदार सुरीने कापी, आतले छर्रे बेरिलच्या केक करायच्या तराजूत तोली, चिमट्याने एकेक उचलून गोल आहे की चपटा ते भिंगाखाली पाही. चोवीस ग्रॅमचे घ्यावे की अठ्ठावीसचे, छर्रा बारीक असावा की थोडा जाड, यावर तो न्याहारीला व्याख्यान देई. चोवीस ग्रॅमचे स्वस्त पडते आणि खांदाही दुखत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. बेरिलने पहिल्या दिवशी विचारले असते, तर तो तेव्हाच सांगता आला असता.

अखेर त्याला एक बंद पडायला आलेले दुकान सापडले. दुकानदाराला माल काढून टाकायची घाई होती. भाव असा होता, की लायनेलने तो त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. एक काडतूस घरी आणून त्याने कापले. छर्रे एकसारखे, मोत्यांसारखे गोल. दारू कोरडी. आणि या दोहोंच्या मध्ये, चार पाकळ्यांचे, पांढरेशुभ्र, प्लास्टिकचे एक बूच.

लायनेलने ते पटकन बशीखाली झाकले. बेरिलने बशी उचलली.

"हे काय?"

"डाट. छर्रे आणि दारू वेगळी ठेवायला असते."

"हे प्लास्टिक आहे, लायनेल. दह्याच्या डब्याचं असतं तसं."

"विरघळणारं आहे. दुकानदार म्हणाला, ऊनपावसात हळूहळू विरून जातं."

"हळूहळू म्हणजे किती?"

"हळूहळू म्हणजे हळूहळू. त्याला काय तारीख असते का?"

"तोवर दम धरा, असं गाईंना कोण सांगणार आहे? तू?"

प्रश्न खरोखर गाईंचाच होता. मिसेस कॉकरम यांची कुरण वापरू देण्याची एकच अट होती. काही वर्षांमागे त्यांचे एक वासरू गवताबरोबर असलेच बूच गिळून मेले होते. तेव्हापासून फाटकावर त्यांच्या हातची पाटी होती: डाट कागदी लगद्याची हवी, प्लास्टिकची आढळल्यास फाटक बंद. लगद्याची डाट पावसात भिजून मातीला मिळते. तिचे काडतूस तेवढे महाग पडते, आणि लायनेलच्या मनात सलत होते ते हे 'तेवढे'.

"गवत वाढलंय चांगलं," तो म्हणाला. "दिसायचंसुद्धा नाही."

"गाय गवतच खाते," बेरिल म्हणाली आणि आपला तराजू धुवायला घेऊन गेली.

काडतुसे आली. एका सकाळी सभासद एकेक करून लायनेलच्या दारी येऊन आपापली खोकी घेऊन गेले. ऑल्डरकोम्बात सरळ प्रश्न विचारणे हे दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याइतकेच असभ्य मानतात, आणि त्या दिवशी सारे गाव कमालीचे सभ्य वागले. पाद्री पिम यांनी खोके हातात घेऊन आभाळाकडे पाहिले.

"नियमात बसणारीच असणार, अर्थातच," ते म्हणाले.

हा प्रश्न नव्हता, म्हणून लायनेलने त्याचे उत्तर दिले नाही. "रविवारी ऊन पडेलसं वाटतं," तो म्हणाला.

"देवाच्या मनात असेल तर," पाद्री म्हणाले, आणि खोक्याची 'प्लास्टिक डाट' असे छापलेली बाजू खाली येईल अशा बेताने ते त्यांनी गाडीत ठेवले. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तसेच ठेवले. डेन्झिल हार्करने तर वर आपला कोटही पसरला. लायनेलने हे पाहिले आणि त्याला धन्य वाटले. कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे सर्वांची संमती आहे, असा त्याने सोयीस्कर अर्थ लावला. आणि सर्वांची संमती म्हणजे सर्वांची मते.

सामन्याच्या रविवारी खरोखरच ऊन पडले. शनिवारी मिसेस कॉकरम यांच्या गड्याने कुरणातले गवत कापून गोठ्यात नेले होते. लायनेलला ही बातमी फाटकाशी पोहोचल्यावर, डोळ्यांनीच, कळली.

पहिला बार निघाला तेव्हा तबकडी फुटली आणि एक पांढरे फूल वीसेक पावलांवर, कापलेल्या हिरव्या गवतात अलगद येऊन बसले. दुसऱ्या बाराला दुसरे. दुपारपर्यंत कुरणाची अशी कळा झाली, की जणू तिथे नुकतेच कोणाचे लग्न लागून वऱ्हाड पांगले आहे. माणसे त्यावरून चालत होती, त्यातच उभी राहून कोंबडीचे सँडविच खात होती, आणि एकाच्याही नजरेला काही पडत नव्हते.

"यंदा डेझीची पांढरी फुलं फार आलीत," पाद्री पिम म्हणाले.

"वसंतात पाऊस चांगला झाला ना," डेन्झिल म्हणाला.

ढाल डेन्झिलने जिंकली. पण चहाच्या वेळी निवडणूक होती, आणि तिच्या अध्यक्षस्थानी रिवाजाप्रमाणे जमिनीची मालकीण बसायची होती. मिसेस कॉकरम कुरणाच्या वरच्या फाटकातून आत शिरल्या आणि सारे कुरण तिरके ओलांडून, काठी टेकत, कुठेही न थांबता खोपटाकडे आल्या. मात्र वाटेत दोनदा त्या वाकल्या. वयाच्या ऐंशीव्या वर्षी बाई विनाकारण वाकत नाही, हे खोपटाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजले. 

त्या बसल्या. त्यांना मधल्या थराला जॅम लावलेल्या केकचा तुकडा दिला गेला. तो त्यांनी बाजूला सारला.

"कर्णधारपदासाठी कोण उभं आहे?"

डेन्झिल हार्कर उठला. ढाल त्याने छातीशी धरली होती. "मी उभा होतो, मिसेस कॉकरम. पण लायनेलसारखा माणूस पुढं आलेला असताना मी मध्ये येणं बरं दिसत नाही. मंडळासाठी त्यानं यंदा जे केलंय, ते... ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच आहे."

"आहे खरं," मिसेस कॉकरम म्हणाल्या. "मिस्टर फॅनशॉ यांच्या बाजूनं कोण?"

सगळे हात वर गेले. पाद्री पिम यांनी चुकून दोन्ही वर केले.  शाखेतून निवृत्त होताना त्याला घड्याळ मिळाले होते. हात वर करून त्याला आजवर कोणी काही दिले नव्हते. आभाराचे चार शब्द त्याने घरून पाठ करून आणले होते. ते बोलायला तो उठणार, तोच मिसेस कॉकरम यांनी मूठ उघडली आणि त्याच्या बशीत, केकशेजारी, मातीने माखलेली दोन पांढरी बुचे ठेवली.

"अभिनंदन, कर्णधार. माझ्या गाई उद्या सकाळी या कुरणात येतील. त्यांच्या आधी यातलं एकूण एक उचललं जाईल. एक जरी राहिलं, तरी पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी आपापल्या परसात नेमबाजी करावी."

क्षणार्धात ऑल्डरकोम्बच्या निम्म्या सभासदांना घरी वाट पाहणाऱ्या मावश्या आठवल्या. पाद्रींना सायंप्रार्थना होती. डेन्झिलला ढालीला पॉलिश करायचे होते. "कर्णधार म्हणून तू अगदी योग्य माणूस आहेस, मित्रा," तो लायनेलचा खांदा दाबून म्हणाला, आणि हे बोलताना तो गाडीच्या दिशेने चालतही होता. बेरिल गाडीत बसून राहिली. तिने थर्मास उघडला, पुस्तक उघडले आणि काच वर केली.

लायनेल लोकरी कोट काढून बादली घेऊन कुरणात उतरला. उन्हाळ्यातला दिवस, उजेड मावळायचे नाव घेत नव्हता. वाकता वाकता त्याची कंबर धरली. कुंपणाच्या कडेला, जिथे माती गाईंच्या खुरांनी तुडवलेली होती, तिथे त्याच्या बोटांना एक बूच लागले ते पांढरे नव्हते. तांबडे होते, उन्हाने विटलेले. त्याच्याजवळच एक निळे. पुढे एक पिवळट, कडा फुटलेले.

लायनेल उकिडवा बसला. काडतुसांच्या बाबतीत परगण्यात त्याच्याइतकी जाण कोणाला नव्हती, आणि ती आता पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. तांबडी डाट कोणत्या काडतुसात येई आणि त्या काळात ती काडतुसे कोण घेई, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. तांबडी पाद्री पिमची, चर्चचे छत गळू लागले त्या सालची. निळी डेन्झिलची. पिवळटवाला तर आता हयातही नव्हता. त्याचे नाव फळीवर होते.

त्याने ती पुसून शर्टाच्या खिशात टाकली. डेन्झिलचा हात कसा खांद्यावरून खाली येईल, पाद्री कसे आभाळाकडे पाहतील, हे त्याला दिसू लागले. असा खिसा जवळ असलेल्या कर्णधाराला पुढच्या वर्षीच काय, कधीच कोणी हलवू शकणार नव्हते. तो उठला तो एखाद्या संस्थानिकाच्या थाटात.

मिसेस कॉकरम फाटकावर हात टेकून उभ्या होत्या. त्यांच्यामागे गाई येऊन थांबल्या होत्या.

"मिसेस कॉकरम, माझ्या आधीपासून हे चाललंय. इथं प्रत्येकानं..."

"माहीत आहे. दर सोमवारी पहाटे हे कुरण मीच वेचते. माझी कंबर आता ऐकत नाही, म्हणून कुंपणाकडचं राहून गेलं."

"मग तुम्ही आजवर कोणाला काही बोलला नाहीत?"

"कोणाला बोलणार? लपून करणाऱ्याला विचारलं की तो हवापाण्यावर बोलायला लागतो. उघड्यावर, खोकी भरभरून करील असा एखादा सापडेल, याची मी वाट पाहत होते. तुम्हाला फार वेळ लागला."

"आणि बाकीच्यांना काहीच नाही?"

"बाकीच्यांनी तुम्हाला निवडून दिलंय. आता दर रविवारी बार थांबले, की कर्णधार कुरण वेचील. नको असेल तर आत्ता सांगा. रंगारी उद्याच यायचा आहे, त्याला मी डेन्झिल हार्करचं नाव लिहायला सांगते. एका अक्षराचे पैसेही वाचतील."

लायनेलने कुरणाकडे पाहिले. ते लांबवर पसरले होते आणि पांढरे होते.

"लायनेल फॅनशॉ असंच लिहायला सांगा," तो म्हणाला.

"ठीक. आणि खिशात जे ठेवलंय ना, ते बादलीत टाका. माझ्या कुरणातली कोणाचीही घाण इथून बाहेर जायची नाही."

लायनेलने खिसा उलटा केला. तांबडे, निळे आणि पिवळे बूच पांढऱ्यांवर जाऊन पडले, आणि बादली हलली तसे त्यांच्यात मिसळून गेले. मिसेस कॉकरम यांनी काठीचे टोक उचलून गवतात, त्याच्या बुटाच्या मागे, दाखवले.

"ते राहिलं," त्या म्हणाल्या.