मागचा डावा स्पीकर

वाचक मला खडूस म्हणतात आणि ते काही खोटं नाही. घरी बघायच्या सिनेमांच्या डिस्क तपासून मी मासिकात लिहिते: चित्र कसं, आवाज कसा, सोबतच्या पुरवण्यांत काही दम आहे की नुसती भरताड. सिनेमा चांगला की वाईट हे मला कुणी विचारत नाही. जुन्या फिल्मच्या चित्रातले मूळचे बारीक दाणे घासूनपुसून नटांचे चेहरे मेणाचे करणाऱ्या कंपन्यांची मी गय करत नाही. रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसला की माझं डोकंच फिरतं. दिग्दर्शकानं स्वतःच्या आठवणी सांगत पूर्ण सिनेमाभर केलेली बडबडसुद्धा मी शेवटपर्यंत ऐकते, कारण पगार त्याचाच मिळतो.

नजर माझी स्वतःची असेल, पण कान मला काकांनी दिले. काका म्हणजे माझ्या आईचे दुसरे यजमान. माझे बाबा सिनेमात लाइटमन होते. मी लहान असताना एका शूटिंगमध्ये पडून गेले. काका त्याच सिनेमाचे साउंड रेकॉर्डिस्ट, बाबांचे जिवलग दोस्त. बाबा गेल्यावर ते आमच्याकडे यायला लागले, घरातल्या गळक्या नळापासून माझ्या शाळेपर्यंत सगळं बघायला लागले, आणि पुढं आईनं त्यांच्याशी लग्न केलं. मी त्यांना आधीपासून काका म्हणायचे, तेच तोंडात राहिलं. पण रात्री ताप चढला की हाक त्यांनाच मारायचे.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. शूटिंगमध्ये प्रत्येक शॉट संपला की रेकॉर्डिस्टनं 'साउंड ओके' म्हणायचं असतं, स्वतःच्या मशीनच्या माईकमध्ये, म्हणजे ते टेपेवरही राहतं. तो म्हणाला नाही तर शॉट पुन्हा. काम सुटलं तरी काकांचं हे सुटलं नाही. चहा जमला, साउंड ओके. माझा निकाल लागला, साउंड ओके. संसार मोडून मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आई रडायला लागली, आणि काकांनी मला वरून खाली बघून विचारलं, "साउंड ओके?" कित्येक दिवसांनी मी तेव्हा हसले होते. आई गेल्यापासून आता आम्ही दोघंच. त्यांचे कान गेलेत, उजव्या कानात यंत्र असतं, पण मी काम करत असले की भिंतीकडच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसतात आणि मला परीक्षकबाई म्हणून चिडवतात.

काम करायची रीतही त्यांचीच. आमच्या खोलीत पाच स्पीकर आहेत, तीन पुढं आणि दोन मागं. आधी सगळे एकदम ऐकायचे, मग एकेक. बाकीचे बंद करून प्रत्येकाला एकट्यानं बोलायला लावायचं. "घोळक्यात काहीही खपून जातं," काका म्हणायचे. "एकेकाला बाजूला घेतलंस की कळतं कोण काय लपवतंय." हे उपद्व्याप माझ्याशिवाय कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

डिस्कचं पाकीट आलं की काका स्वतः कात्रीनं फोडतात आणि ओरडतात, "परीक्षकबाई, गिऱ्हाईक आलं." या वेळी पाकीट मला चपलांच्या कपाटावर रद्दीखाली सापडलं. फोडलेलं होतं.

"हे इथं कुणी ठेवलं?" मी विचारलं.

"मीच ठेवलं असेल. लक्षात राहत नाही आता."

डब्यावरचं नाव मी दोनदा वाचलं. बाबा गेले तोच सिनेमा. आईनं तो कधी घरात येऊ दिला नाही, आणि तिच्यामागं मलाही कधी बघावासा वाटला नाही. संपादकांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी नेहमीसारखा पाठवून दिला. डब्याच्या मागं ठळक अक्षरांत छापलं होतं: मूळ शूटिंगच्या टेपांवरून नव्यानं बांधलेला आवाज.

"मूळ टेपा? तुम्ही तर म्हणाला होता त्या जळाल्या."

मागच्या वर्षी कंपनीचा माणूस टेपा शोधत काकांकडे येऊन गेला होता. तेव्हा काकांनी त्याला हेच सांगितलं होतं.

"गोदामात असतील दुसऱ्या," काका म्हणाले. "परत पाठव ते. तुला कशाला उगाच त्रास?"

त्यांना माझी काळजी वाटतेय असं मला वाटलं, आणि भरून आलं. मी म्हटलं, "बाबांचा लाइट आहे त्यात. मला बघायचाय." त्यावर ते आत गेले.

त्या अपघाताबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं: पंखा चालू होता, कुणालाच काही ऐकू आलं नाही. लहानपणापासून मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थही मनात येत नसे. सिनेमाच्या शेवटी नायिका वादळात एका अर्धवट इमारतीचा जिना चढते. वादळ म्हणजे एक अजस्र पंखा. बाबा वर परांचीवर दिवा धरून उभे होते. परांचीचा दोर सुटला आणि ते खाली आले. पंख्याच्या घरघरीत त्यांची हाक खाली पोचली नाही.

पडदे ओढून मी आधी चित्र तपासलं, आवाज पूर्ण बंद करून. ती पण आमची रीतच. काका खुर्चीत आले नाहीत, डोकं दुखतंय म्हणाले. चित्र मात्र अप्रतिम होतं, मला खोट काढायला जागा सापडेना. काळा रंग विहिरीतल्यासारखा काळा. जिन्याच्या दृश्यात नायिकेच्या चेहऱ्यावर वरून एकच दिवा पडला होता, आणि तो बाबांच्या हातात होता हे मला ठाऊक होतं. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. तो उजेड थरथरायला लागला. मग चेहऱ्यावरून घसरून भिंतीवर गेला, आणि नायिकेनं दचकून वर पाहिलं. तिच्या त्या बघण्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं म्हणे. अपघातानंतर तो शॉट पुन्हा घेतला असेल असं मी आजवर धरून चालले होते.

पुरवण्यांमध्ये दिग्दर्शकाची बडबड होती, म्हातारपणी रेकॉर्ड केलेली. जिन्याच्या दृश्याला तो खाकरला. "या शॉटला आमचा एक माणूस गेला. पंखा चालू होता, कुणालाच काही ऐकू आलं नाही. पण शॉट असा काही आला होता की टाकवेना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाकवेना म्हणे. आणि मग, राग जरा उतरल्यावर, माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातलं वाक्य याच्या तोंडी जसंच्या तसं होतं. कुणीतरी एकानं ते सगळ्यांना दिलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाजाला बसले. पाचही स्पीकर चालू केले तर मागचा डावा मुका. मागं जाऊन पाहिलं, तर तार निघालेली. झाडताना निघाली म्हणावं तर त्या तारेचा स्क्रू काकांनीच पान्यानं आवळला होता, केरसुणीनं तो हलणारसुद्धा नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता. काका कधीपासून एकच भांडं घासत होते, आणि त्यांच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. ज्या माणसानं मला सायकल शिकवली त्याची. मला माझीच लाज वाटली. मी तार बसवली.

सगळे एकत्र ऐकताना काही वावगं नव्हतं. पुढं संगीताचा गदारोळ, मागून वारा. मग एकेक घेतला. मधल्यात संवाद, पुढच्या दोघांत वाद्यं, मागच्या उजव्यात नुसता वारा. मागच्या डाव्यात वारा होता आणि त्या वाऱ्यात माणूस होता.

"दोर सुटलाय. कट करा. अरे, कट करा."

मी रिमोट दाबून थांबवलं. पुढचं ऐकवेना. बाबांचा आवाज मला आठवत नव्हता, आणि तरी ओळखला. काय झालं असेल ते मला धंद्यामुळे लगेच कळलं. डिस्कसाठी आवाज जोडणाऱ्यांना वादळ हवं होतं. त्यांनी मूळ टेपेवरचा वारा उचलून तसाच मागं टाकून दिला. पुढच्या संगीतात तो बुडून जातो. मागचा डावा एकटा कोण ऐकत बसणार? मी, आणि माझ्याआधी पाकीट फोडणारे काका.

पण वाईट गोष्ट ती नव्हती. आवाज जवळचा होता, स्वच्छ होता. कसा, तेही मला ठाऊक होतं, कारण काकांनीच कधीतरी फुशारकीनं सांगितलं होतं: माईक खाली ठेवला असता तर चित्रात दिसला असता, म्हणून त्यांनी तो परांचीच्या दांड्याला बांधला होता, पंख्याकडे पाठ करून. खाली कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण त्या माईकची तार एका माणसाच्या हेडफोनमध्ये जात होती.

मनात म्हटलं, हेडफोन काढला असेल. तार निसटली असेल. मशीन बिघडलं असेल. त्या घडीला मला बाबांना न्याय नको होता, मला माझे काका हवे होते.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ बंद केला. "काका, या बरं जरा. तुमचं मत हवंय."

ते आले, हात पुसत, आणि वेताच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची मागच्या डाव्या स्पीकरला लागूनच आहे. मी काहीच सांगितलं नाही. पाचही स्पीकर चालू ठेवले आणि जिन्याचं दृश्य लावलं. स्वतःचं नाव सुरुवातीच्या पाट्यांमध्ये असूनही हा सिनेमा आपण कधी पाहिला नाही असं ते सांगायचे. नायिका पहिल्या पायरीवर होती. काकांचा हात वर गेला, त्यांनी कानातलं यंत्र काढलं, मुठीत धरलं आणि मूठ मांडीवर ठेवली.

ज्याला तेव्हा काही ऐकूच आलं नव्हतं, त्याला आता काय ऐकायचं नव्हतं?

दृश्य संपेपर्यंत ते पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मी सिनेमा थांबवला. त्यांनी यंत्र परत कानात बसवलं.

"ऐकलंस तू," ते म्हणाले.

"हो. बाबा ओरडले ते ऐकलं."

"ओरडला ते शेवटी." काका म्हणाले. "त्याच्या आधी हळू बोलला होता. माझ्याशीच. त्याला माहीत होतं ना, मी ऐकतोय. माईकला तोंड लावून म्हणाला, दोस्ता, दोर सैल वाटतोय, थांबव जरा. ते यात आलेलं नाही. कापलं असेल त्यांनी."

आवाजाची चूक दाखवावी तशा सुरात ते सांगत होते.

"मग थांबवलं का नाही?" मी विचारलं.

"सकाळी एक शॉट थांबवला होता मी. वरून विमान गेलं म्हणून. सगळ्यांसमोर आईबहीण काढली दिग्दर्शकानं माझी. वाटलं, दोर धरेल तेवढा वेळ. शॉट चांगला चालला होता."

"आणि आई?"

"तिला सांगायलाच आलो होतो पहिल्यांदा. तू दार उघडलंस." आणि त्यांचा हात पुन्हा कानाकडे जायला लागला.

मी उठून तो हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर जोर केला. "यंत्र राहू दे," मी म्हटलं. "मी पण पुढचं नीट ऐकलेलं नाही. तुम्हीच शिकवलंयत ना, अर्धवट ऐकून मत द्यायचं नाही."

चार स्पीकर बंद केले. दृश्य मागं नेऊन पुन्हा लावलं आणि त्यांचा हात धरून शेजारी जमिनीवर बसले. वारा आला. बाबांची हाक आली. नंतर लाकूड मोडल्याचा आवाज, आणि एक धप्प, जे मला आता जन्मभर ऐकू येणार आहे. पडद्यावर दृश्य बदललं, सकाळ झाली, पण जोडणाऱ्यांनी वारा तिथंही थोडा ओढून घेतला होता. त्या वाऱ्यात लांबून कुणीतरी कट म्हणालं. काकांनी डोळे मिटले.

मग अगदी जवळून, हेडफोन घालून मशीनपाशी बसलेल्या तरुण माणसाचा आवाज आला. न चाचरता, रोजच्यासारखा, माझ्या निकालाच्या दिवशी आला होता तसाच.

"साउंड ओके."