चौथ्या अर्थाचं उदाहरण

"साडूबुवा, तीन अर्थ पास, चौथा लटकलाय," संपादक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उदाहरण आणा, नाहीतर मारतो लाल रेघ."

शब्द होता 'वार'. शब्दकोशाच्या त्या कार्यालयात वाक्यात वापरल्याचा दाखला नसेल, तर अर्थाला थारा नव्हता. छापील दाखला नसेल तर कानांनी ऐकलेलं वाक्य चाले. त्यापुढे कंसात 'घरगुती' लिहीत. असे दाखले चिठ्ठ्यांवर टिपून आणणाऱ्या या साडूबुवांना सगळे चिठ्ठीमास्तर म्हणत; त्यांची सगळी नोकरी या कंसावर चालली होती.

आठवड्याचा वार सरळ संस्कृतातून चालत आलेला, त्याची चिंता नव्हती. घावाच्या वाराचं मूळ शोधताना कार्यालयात दोघांनी एकमेकांवर तोच केला होता. कापडाचा वार कुठल्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला, कोणालाच ठाऊक नव्हतं. राहिली बाळंतिणीची वार. मूल झाल्यावर मागून पडते ती. 'झाकणं' या अर्थाच्या जुन्या धातूपासून ती निघाली असावी, असा मास्तरांचा लाडका तर्क. निवृत्तीआधीचा हा त्यांचा शेवटचा शब्द. तो लंगडा छापला जाणं त्यांना सोसवणारं नव्हतं.

दुपारी ते घरी आले. बायको भाजी चिरत होती. शब्दकोशाचा पहिला खंड निघाल्यापासून तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या खंडात 'घुम्या', 'खवचट' आणि 'ठोंब्या' या तिन्ही शब्दांखाली तिचीच वाक्यं होती. तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे संपादकांच्या पत्नीनं, ती भर पाहुण्यांत साभिनय वाचून दाखवली होती. पाहुणे पोट धरून हसले होते.

"एक वाक्य हवंय," मास्तर म्हणाले. "वार शब्दाचं. बाळंतपणातली."

सुरी थांबली. "छापायला?"

"नाव नाही येत तुझं."

"नाव कशाला हवं? ताईनं आवाजावरून ओळखलं मला. तीस वर्षं मला वाटत होतं, हा माणूस माझं ऐकून तरी घेतो. तुम्ही नुसते शब्द वेचत होतात."

"अगं, एकच वाक्य. संध्याकाळी रेघ मारणार आहेत तुझे मेहुणे."

"मारू देत की! बरं, थांबा. देतेच." तिनं सुरी खाली ठेवली. "लिहा. लेकीच्या वेळी माझी वार अडकली होती, रक्त थांबत नव्हतं, सुईण घाबरून ओरडत होती, आणि माझा नवरा दारातून तिला म्हणाला, 'बाई, पुन्हा म्हणा, जरा सावकाश.' लिहा ना! तेव्हा औषधाच्या पुडीवर लिहून घेतलं होतंत. हरवलीत वाटतं पुडी?"

पुडी खरोखरच हरवली होती.

वाक्य निर्दोष होतं. अर्थ संदर्भातून स्वच्छ कळत होता. इतकं सकस उदाहरण कार्यालयात कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "गेलाच हात खिशाकडे."

मास्तरांनी खाली पाहिलं. पेन्सिल बोटांत आली होती. त्यांनी ती परत खिशात घातली, पण आता ते पाहायला ती तिथं नव्हती. आतल्या खोलीचं दार लागलं होतं.

संध्याकाळी संपादकांनी विचारलं, "काय, बोलली का आमची मेहुणी?"

"बोलली."

"मग आणा की चिठ्ठी!"

"नाही आणली."

"का? शिव्या घातल्या वाटतं? अहो, शिव्यांनीच तर पहिला खंड खपला!"

"छापण्याजोगं नाही ते."

"तीस वर्षांत तुम्हांला छापण्याजोगं नाही असं काही सापडलं नव्हतं. म्हातारे झालात, साडूबुवा."

"झालो. लाल पेन्सिल द्या इकडे."

मास्तरांनी चौथ्या अर्थावर रेघ स्वतःच मारली. झाकणाऱ्या धातूसकट. पट्टी लावून, सरळ.

ते घरी परतले तेव्हा दार अर्धं उघडं होतं. बायको शेजारणीशी बोलत होती. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता, आणि बोलणं नवऱ्याबद्दलच चाललेलं दिसत होतं. एरवी मास्तर अशा वेळी चप्पल हातात घेऊन भिंतीला कान लावत.

ते आल्या पावली जिना उतरले आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तिथून खिडकीतला दिवा दिसत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.